मागचा डावा दिवा

आठ तास इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून आलेल्या बाईला घरी आल्यावर पुन्हा उभं करू नये, असा काही कुठे नियम नाही. लाँड्रीतली पाळी संपवून धाकटी चारला घरी पोचली तेव्हा तिला फक्त आडवं व्हायचं होतं. पण खाली बाबा गाडीची डिकी उघडून तिचीच वाट बघत होते. मागचा डावा दिवा उडालाय, असं इस्पितळाच्या वॉचमनने दोनदा सांगितलं होतं आणि हे घोंगडं तीन आठवडे भिजत पडलं होतं.

बाबा म्हणजे पस्तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. गाडीच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसत. आठवड्यातून तीनदा तेच आईला डायलिसिसला नेत, म्हणून तर धाकटीची नोकरी टिकून होती. थोरली लग्न होऊन लांब गेली होती. फोनवरून काळजी करायचं खातं तिच्याकडे होतं.

"बंपरला हा पोचा कसला?" धाकटीने विचारलं.

"उभ्या गाडीला ठोकून गेला कुणीतरी गाढव."

बाबांनी डिकीतलं अस्तर बाजूला सारलं, प्लास्टिकचे दोन नट फिरवले आणि होल्डर ओढून काढला. जुना बल्ब काळा पडला होता. नव्याच्या बुडाला पिनांसारखे दोन टोचे होते, एक जरा वर, एक जरा खाली. त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. भले भले मेकॅनिकही तो डोळ्यांपाशी धरून बघतात. बाबांनी टोचे अंगठ्याने चाचपले, बल्ब दाबला, फिरवला. खाली पाहिलंसुद्धा नाही. इतकी दमलेली असूनही धाकटीला बापाचं कौतुक वाटलं.

"बस आत. ब्रेक दाब," म्हणत ते मागे जाऊन उभे राहिले.

ती बसली. सीट मऊ होती. तिने किल्ली फिरवली, पाय दाबला, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"लागला का?"

"लागला. लख्ख."

तिने डोळे उघडले. पाय क्लचवर होता. तिला आधी हसूच आलं. मग शंका आली. तिने दोन्ही पाय उचलून घेतले.

"आणि आता?"

"अगं लागलाय म्हटलं ना. दोन्ही सारखे."

तोंड मिटून घेतलं असतं, तर उद्या सकाळी ती नेहमीसारखी कामावर गेली असती. हा विचार तिच्या मनात आला. खोटं कशाला बोला? आला, आणि त्याची तिला लाजही वाटली. मग ती खाली उतरली.

"बाबा, मी ब्रेक दाबलाच नव्हता."

बाबा फडक्याला हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसतच होते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वर्ष झालं असेल. कडेचं दिसतं. समोर सगळं धुकं."

"बोलला का नाहीत?"

"कुणाशी बोलू? तू घरी येतेस ती अर्धमेली होऊन येतेस. म्हटलं, एवढं तरी माझ्याकडून होतंय."

"आणि हा पोचा?"

"खांब होता."

रागवायला अंगात त्राण लागतं, ते तिच्याकडे उरलं नव्हतं. बाबांनी खिशातून दुसरी किल्ली काढली, तिचा हात चाचपून शोधला आणि त्यात ठेवली.

"उद्या सातला निघावं लागेल," ते म्हणाले. "आईला सहालाच उठव. पायऱ्या उतरायला तिला वेळ लागतो, पण घाई करू नकोस. मागच्या सीटवर उशी आहे, ती पाठीशी दे."

तिने मान हलवली. मग लक्षात आलं, तेव्हा तोंडाने म्हणाली, "हो, बाबा."