न घेतलेला वाटा

भांडण आपल्यावरूनच चाललंय, हे तिवाला निम्मं ऐकून झाल्यावर कळलं. बर्फाच्या शेडमागे ती पायाची वाळू झटकत उभी होती. पलीकडे रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून दोरानं ओढायच्या जाळ्याचा, मालक तिबुर्सियो आणि मासे वाटणारी इसिंग तावातावानं बोलत होती.

"दोर ओढला ना तिनं? मग वाटा द्यायचा!"

"अगं, ती विद्यापीठाचा पगार खाते. आपल्या गरिबीवर लिहायला आलीये. तिला बांगडे कशाला?"

"पगाराचं कालवण होतं का रे? करून दाखव एकदा!"

तिवा फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातून गिमारास बेटाच्या किनाऱ्यावर आली होती ती हेच शोधायला: समुद्रातून आलेलं कुणाला किती मिळतं, आणि का. तिला तिबुर्सियोचं पटलं. दुसऱ्या दिवसापासून दोर ओढायची, पण टोपली समोर आली की म्हणायची, "मला नको. गरजवंताला द्या."

तिला वाटलं, हा न्याय. गावाला वाटलं, बाईला आपले मासे चालत नाहीत. तोंडावर कोण बोलणार? आमच्याकडे नाराजी हाकेत दिसते. तिच्या वयाच्या बाया एकेक करून मानांग झाल्या, सगळ्यांच्या थोरल्या बहिणी. ही इथंच राहिली, केस पांढरे झाले, तरी मॅडमच.

काम मात्र तिनं खरं केलं. आजारी, विधवा, किनाऱ्यावर येऊ न शकणारे, अशा सगळ्यांना वाटा मिळावा म्हणून ती नगरपालिकेत जाऊन बसायची. साहेब पंखा बंद करून निघायचा, तरी ही खुर्ची सोडायची नाही. शेवटी ते मान्य झालं. मग घरोघर पोचवायचं कुणी? तिनंच. दर शनिवारी.

संध्याकाळी बाजारातून विकत आणलेला एक मासा तळायची आणि दार उघडं ठेवून जेवायची. आत कुणी डोकावायचं नाही.

एकदा इसिंग म्हणाली, "मॅडम, सगळ्यांना वाटा मिळवून दिलात. तुमच्या ताटात आमचं काही पडलं नाही."

"मी नियम मोडला नाही, इसिंग."

"तेच तर! घरचं माणूस कधी नियमानं वागतं का?"

तिवा हसली. त्या दिवसापासून पिशवीत एक रिकामा वाडगा घेऊन किनाऱ्यावर जायला लागली. पण इतक्या वर्षांनी तो पुढे कसा करायचा? तसाच परत यायचा.

तिचा तो शेवटचा शनिवार. पण ते कुणाला ठाऊक होतं? खोकत खोकतच आली. आजाऱ्यांचे वाटे भरून झाले, तरी इसिंगच्या हातात एक बांगडा उरला. ती तिवाकडे बघत राहिली.

"आणखी कुणी राहिलंय का, मॅडम?"

तिवाचा हात पिशवीत गेला. तिथंच थांबला.

"नाही. झाले सगळे."

मग ती आंधळ्या पासिंगच्या खांबांवरच्या घराची शिडी चढली.

"आलात? बसा की, भात शिजतोय."

"पुढच्या खेपेला," तिवा म्हणाली. मासे मडक्यात ठेवले, मांजर येऊ नये म्हणून झाकणीवर दगड ठेवला, आणि शिडी उतरून पुढच्या घराकडे निघाली.