जाते नाही, येते

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. करायचा, म्हणा. बारा मजल्यांच्या काळोख्या पोकळीत उतरून खुशाल शीळ घालणारा माणूस आता चार महिने घराबाहेर पाऊल टाकत नाही. का, तर त्या पोकळीत मोबाइलला रेंज नसते, आणि नेमका तेव्हाच लेकीचा फोन आला तर?

लेक पाच महिन्यांपूर्वी गेली. सकाळी स्कूटर काढली, "येते हं बाबा" म्हणाली, आणि चौकात ट्रकखाली सापडली. वहिनी ती लहान असतानाच वारलेली, त्यामुळे घरात बापलेकच. ह्यानं एका कंपनीला तिचे सगळे व्हॉइस मेसेज दिले आणि त्यांनी फोनमध्ये तिची बोलकी नक्कल बसवून दिली. रोज दुपारी जेवायच्या वेळी फोन येतो. हुबेहूब तिचा आवाज, तोच लाडिक हेल. "बाबा, गोळी घेतली का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून दाराकडे बघितलं. मग डोकं फिरलं. अरे, कसला धंदा हा!

फोन ठेवताना ती दर वेळी म्हणते, "येते हं बाबा." झालं. हा दाराला कडी लावत नाही.

"दादा, मशीन आहे रे ते."

"मला शिकवू नकोस. मशिनीतच जन्म गेला माझा."

"मग कडी लाव."

"येते म्हणालीये ना ती."

आता ह्यावर काय डोकं आपटायचं? कामावरून निरोप आला होता, सोमवारी ये, नाहीतर दुसरा माणूस घेतो. नोकरी गेली खड्ड्यात. हा असाच दाराकडे बघत झिजून मरेल, ह्या भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता. म्हणून रविवारी मी त्याच्याकडे गेले आणि मन घट्ट करून बोलले, "आज तिला सांग, एकदा 'जाते' म्हण. तिच्या तोंडून ऐकलंस की सुटशील."

घरातून निघताना आपल्यात कुणी 'जाते' म्हणतं का? पण मी बोलून गेले. दादानं फोन ताटाशेजारी नीट ठेवला. मग म्हणाला, "विचारतो."

फोन आला. गोळीचं विचारून झालं, जेवणाचं झालं. मग दादानं विचारलं. "ठमे, आज ठेवताना 'जाते' म्हणशील?"

आमची ठमी असती तर भांडली असती. ही म्हणाली, "बरं बाबा. जाते हं."

दादाचा घास हातातच राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, आता रडेल, रडू दे. पण तो दटावल्यासारखं बोलला, दप्तर घेऊन दारात उभ्या असलेल्या पोरीला बोलायचा तसंच. "जाते नाही म्हणायचं, बाळा. येते म्हण."

"येते हं बाबा."

"लवकर ये," दादा म्हणाला. आणि त्याला सोडवायला आलेली मी, माझ्याही तोंडून तेच गेलं, "ये गं लवकर."