मिस्त्रींनी मान हलवली

मिस्त्रींनी बसवलेलं दार तीस वर्षांत कधी कुरकुरलं नाही. गेलं वर्षभर मिस्त्री स्वतः मात्र सारखे कुरकुरत होते, आणि कारण एकच: लेकीचे गिटारचे सर.

लेक बावीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात नोकरीला. घरात अजून सगळ्यांची छकूच. गिटार तिच्या हातात दिली ती मिस्त्रींनीच. तरुणपणी त्यांना तो नाद होता. येत काय होतं, तर चार कॉर्ड आणि सगळ्या तारांवरून खाली-वर हात मारत धरलेला ठेका. पण तेवढ्यावर बापलेकींनी दर रविवारी घर डोक्यावर घेतलं होतं. बायको म्हणायची, याच्यापेक्षा तुमचा रंधा परवडला.

मग छकूनं क्लास लावला आणि घरात सर शिरले. म्हणजे सरांनी कधी उंबरा ओलांडला नाही, पण सकाळच्या चहापासून 'सर म्हणतात' सुरू व्हायचं. सर म्हणतात, तारा नुसत्या झोडपायच्या नाहीत, बोटांनी एकेक छेडायची. सर म्हणतात, मनगट सैल सोड. सरांनी उजव्या हाताची नखं वाढवायला सांगितली, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर फळ्या घासणारी ही पोरगी पॉलिश पेपरला हात लावेना. नख तुटेल म्हणे! मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला नखं जपावी लागतात तो काय कामाचा, असं ते बायकोला ऐकवायला गेले.

"अहो, पोटात दुखतंय तर सरळ सांगा ना," ती म्हणाली.

दुखतच होतं. इतकं, की छकू आतल्या खोलीत बोटांनी काही नाजूक वाजवायला लागली की हे बाहेर मुद्दाम ड्रिल चालू करायचे.

अशात जुन्या गिटारची दांडी वाकली. तारा इतक्या वर आल्या की दाबताना बोटं सोलून निघायची. छकूला आता अशी गिटार हवी होती, जिच्यावर ठेकाही धरता येईल आणि बोटांनीही वाजवता येईल. नवी परवडेना, म्हणून जुन्या वाद्यांच्या दुकानात एक हेरून ठेवली होती. हेरली कुणी? सरांनी! मोठ्या पोटाची गिटार ठेक्याला दणदणीत, पण बोटांनी वाजवायला गेलं की नुसती घुमते; ही मध्यम अंगाची, दांडी जरा रुंद, दोन तारांमध्ये बोटाला जागा. सर स्वतः जाऊन वाजवून आले होते. "बाबा, शनिवारी तुम्ही चला," छकू म्हणाली. सगळं ठरलंय, मला आपलं शोभेला नेतायत, असं मिस्त्रींना वाटलं. तरी इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

दुकान चिंचोळं, दोन्ही भिंतींवर गिटारी टांगलेल्या. छकूनं आधी ठेका धरला, मग बोटांनी वाजवलं. आवाज गोड होता हो, खोटं कशाला बोला. मिस्त्रींना तेही सोसेना. मग तिनं गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "नीट बघा हं, बाबा."

त्यांनी बघितली. दांडी एक डोळा मिटून बघितली, सरळ होती. मागच्या फळीवर बोटं वाजवली, कुठे चीर नव्हती. मग पुढे, तारा खाली जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीकडे, ब्रिजकडे आले. तिच्या मागच्या कडेला अंगठ्याचं नख लावलं, तर ते सरळ आत गेलं. आधीच्या कुणीतरी घाईत गोंद भरून ती चिकटवली होती आणि तो गोंद पांढरा पडून सुटत होता. तारांच्या ओढीपुढे ही दोन महिने टिकेल, फार तर तीन.

मिस्त्रींच्या मनात उकळ्या फुटल्या. सापडले सर! शब्द अगदी जिभेवर आला होता. पण मग वाटलं, आत्ता बोललो तर ही म्हणणार, बाबांना सरांचं काहीच पटत नाही. त्यापेक्षा उखडू दे तिच्याच हातात. सर किती पाण्यात आहेत ते आपोआप कळेल, सुंठीवाचून खोकला जाईल.

"घे," ते म्हणाले, आणि मान हलवली. छकूचा चेहरा असा फुलला की दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती.

त्यानंतर मिस्त्री वाट बघत बसले. ती कामावर गेली की हळूच खोलीत जायचे आणि फट मोजायचे. आधी नुसतं नख जायचं, मग बसचं तिकीट जायला लागलं, मग लग्नपत्रिका. एकदा बायकोनं पकडलं, काय शोधताय म्हणाली. "वाळवी," मिस्त्री म्हणाले.

दहाव्या आठवड्यात, भर क्लासमध्ये, सगळ्यांसमोर ब्रिज उखडला. छकू संध्याकाळी गिटार घेऊन थेट वर्कशॉपवर आली. मिस्त्रींनी वाक्य कधीचं घासूनपुसून ठेवलं होतं.

"विचार आता तुझ्या सरांना."

"सरांना काय विचारू?" छकू गोंधळली. "ते तर आधीच म्हणाले होते, आवाजाचं मी सांगतो, लाकडातलं मला ओ की ठो कळत नाही. तुझे वडील हो म्हणाले तरच घे."

मिस्त्रींनी रंधा बाजूला ठेवला. ती सांगत होती, की क्लासमधली एकजण हसली, म्हणे हीच का तुझ्या कारागीर वडिलांची पारख. तर सरांनीच तिला गप्प केलं. मिस्त्रींच्या नजरेतून असं सुटणार नाही, हे नंतर झालं असणार, असं म्हणाले. आणि छकूनंही सगळ्यांना तेच सांगितलं होतं.

मग तिनं विचारलं, "तेव्हा नव्हतं ना हे, बाबा?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण उखडलेली पट्टी तिच्या हातात होती आणि जुना पांढरा गोंद ती बोटानं चाचपत होती.

"होतं," मिस्त्री म्हणाले. "नख आत जात होतं."

"मग मान का हलवलीत?"

मिस्त्रींनी सांगून टाकलं. तुझ्या तोंडी उठता-बसता सर, ते ऐकून जळत होतो. एकदा त्यांचं नाक कापलं जावं असं वाटलं. मग घाईघाईनं हात पुढे केला. दे इकडे, जुना गोंद सगळा खरवडून काढतो, नीट दाबून बसवतो, जन्मात सुटणार नाही.

छकूनं गिटार दिली नाही. ती भांडली नाही, रडलीही नाही. पट्टी तिनं बॅगेच्या खिशात ठेवली आणि चेन लावली.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "कुणाकडे द्यायची ते मी सरांना विचारते."