टाकीमागचे बाबा

आमच्या बाबांना माणसं सोसत नाहीत. वैर कोणाशीच नाही हो. पण चार तास लोकांत हसले-बोलले की आतून पार रिकामे होतात आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसतात. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये ते कापसाच्या गाड्यांचा काटा, म्हणजे वजन, करतात. दिवसभर केबिनमध्ये एकटे. तिथं एकदम खूश!

पण लग्नात घरचा माणूस दिसेनासा झाला की आमच्याकडं एकच अर्थ निघतो, रुसला! मग मनकर्णाआत्या टॉवेल-टोपी घेऊन, चौघांना सोबत घेऊन गच्चीवर हजर. "गजेंद्रा, मानपानात काय चुकलं, सांग बापा!" बाबा बिचारे टोपी घालून पुन्हा खाली, पुन्हा हसायला.

माझ्या लग्नात असं तीनदा झालं. पाठवणीला सगळा मांडव रडत होता आणि बाबा खांबासारखे उभे. डोळ्यांत टिपूस नाही. मी गळ्यात पडले तर पाठीवर नुसता हात ठेवला. असा राग आला मला! एकुलती एक पोरगी जाऊन राह्यली अन् या माणसाले काहीच वाटत नाई? सासरच्या हिंगणीपर्यंत गाडीत तेच डोक्यात.

सासरी नवरी पाहायला अख्खं गाव लोटलं. पाच दिवस. पदर सावर, वाक, हास, नाव घे. माणसं चांगलीच होती. पण हसून हसून दुखणारे गाल तिसऱ्या दिवशी दुखायचेही थांबले, आणि मग काहीच कळेना. चहा गोड की फिक्का, तेही.

सहाव्या दिवशी बाबा मला न्यायला आले. दारात दिसले आणि मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. पाया पडायचंही सुचलं नाही, नुसती पाहत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "काऊन व, बापावर रुसली का?"

"नाई, नाई, रुसली नाई थे," बाबा घाईनं म्हणाले. मग जरा लाजत विचारलं, "विहीणबाई, तुमच्या गच्चीवर टाकी आहे का?"

आम्ही दोघं टाकीमागं बसलो. तासभर माणसं खाली, आम्ही वर. सासूबाईंनी चहा पाठवला; तो गोड लागला. आणि एकदम माझे डोळे भरून आले, थांबेचनात.

बाबांनी खिशातला रुमाल पुढं केला.

"माह्यं रडू तू गेल्यावर चौथ्या दिवशी आलतं," ते म्हणाले.