चिकटपट्टीचं टोक

तिसऱ्या केमोनंतर माझ्या हातांच्या शिरा संपल्या. औषधाने काळ्या पडून ताठ झाल्या होत्या. मग मुंबईच्या डॉक्टरांनी डाव्या दंडातून एक बारीक नळी आत सरकवली. तिचं एक टोक हृदयापाशी, दुसरं बाहेर लोंबतं. पिक लाइन म्हणतात तिला. "अजून तीन केमो बाकी आहेत, ही सांभाळा. पू झाला तर काढावी लागेल," एवढं बजावून त्यांनी मला अंबरनाथला परत पाठवलं.

नव्वदच्या दशकाची ती अखेर. आमच्या चाळीत अशी नळी कुणी पाहिली नव्हती. मी मुळातच संशयी, भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघणारी. त्यात आता जीवच दंडातून बाहेर लोंबत होता.

आंघोळीच्या वेळी दुधाची रिकामी पिशवी कापून दंडाला गुंडाळायची, वर दोन रबरं. पिशवी सासूबाई धुऊन ठेवायच्या. मी ती पुन्हा धुवायची. त्या नुसत्या बघायच्या, याचाही मला राग यायचा.

दर मंगळवारी ड्रेसिंगसाठी सासूबाईंना घेऊन उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या एका दवाखान्यात जायचं. तिथल्या सिंधी सिस्टर नळीत सलाइन सोडायच्या, जखमेवर गॉज ठेवून चिकटपट्टी लावायच्या आणि पट्टीवर पेनाने तारीख टाकायच्या. "हफ्ताभर हात नहीं लगाने का." माझं लक्ष त्यांच्या हातमोज्यांकडे. पाकीट आत्ता फोडलं की आधीच फोडलेलं होतं?

पण खरी धास्ती सासूबाईंची. रोज संध्याकाळी त्या शंकराच्या देवळातून विभूती आणायच्या, माझ्या कपाळाला लावायच्या आणि तीच बोटं पट्टीवरून फिरवायच्या.

"आई, राख आहे ती. आत गेली म्हणजे?"

"अगं, वरूनच लावते. देवाचं आहे, काही होत नाही."

वरूनच कशावरून? मला डोळा लागल्यावर पट्टी उचलून आत लावत नसतील कशावरून?

म्हणून मी तपासायला लागले. दुपारी त्या आडव्या झाल्या की नखाने चिकटपट्टीचं टोक उचलायचं, गॉज वर करून आत राख दिसते का पाहायचं आणि टोक पुन्हा दाबून बसवायचं. राख कधीच दिसली नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बघायची. काल नव्हती म्हणून आज नसेल, याची काय खात्री?

एका मंगळवारी पट्टी बघून सिस्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ये किसने खोला?"

"मालूम नहीं," मी म्हटलं आणि सासूबाईंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग सिस्टरही त्यांच्याकडे पाहायला लागल्या.

दोनच दिवसांत थंडी वाजून ताप भरला. मुंबईला नेलं. नळी काढली. दोन केमो अजून बाकी होते. "कुणाचे तरी हात लागलेत आत," डॉक्टर म्हणाले. मी चादरीखाली बोटं मिटून घेतली. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सासूबाई रडायला लागल्या. माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्याच हाताने झालं रे. मला मेलीला अक्कल नाही."

तेव्हा बोलायला हवं होतं. मला भीती वाटली आणि लाजही वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. उरलेले दोन केमो हातापायांच्या शिरा शोधत, टोचटोचून झाले. मी वाचले.

सासूबाईंनी विभूती आणणं बंद केलं. पुढे बरीच वर्षं जगल्या त्या. शेवटपर्यंत मला पाण्याचा पेला देण्याआधी मोरीत जाऊन साबणाने हात धुवायच्या, पदराला पुसायच्या नाहीत, तसेच ओले धरून माझ्यापुढे यायच्या. मी पेला घ्यायची आणि पाणी प्यायची.