कागदावरचं फिट

हिर्डोशीचा मानसिंग धुमाळ अठ्ठेचाळीस साली पलटणीतून सुटून घरी आला. लढाईच्या काळात इटलीत तापाने तीन महिने इस्पितळात पडून होता, तिथे त्याच्या कानावर इंग्रजी पडलं, आणि जे पडलं ते बहुतेक दुखण्याचं. सिक, फिवर, पेन, फिट, अनफिट. गावात आल्यावर हे शब्द त्याच्या तोंडी तसेच राहिले. बैल बसून राहिला की म्हणायचा, "आज बैल सिक हाय." हळूहळू गावानेही ते उचललं. भातलावणीला कुणी दांडी मारली की बाया चिखलातूनच विचारायच्या, "सिक पडला व्हय रं?"

लोक त्याच्याकडे कागद घेऊन यायचे. मराठी तो नीट वाचायचा. इंग्रजी कागदात ओळखीचा एखादा शब्द शोधायचा आणि बाकीचं अंदाजाने लावायचा. अंदाज बरेचदा बरोबर निघायचा, म्हणून "मला कळत नाही" असं म्हणायची त्याला सवयच राहिली नाही.

गावाच्या वर, डोंगराच्या सोंडेवर धनगरांची चार घरं होती. त्यातल्या एका घरात ठकुबाई आणि तिचा मुलगा ज्ञानू राहायचे. ज्ञानू चोवीस वर्षांचा, अंगाने दणकट. पण लहानपणापासून त्याला फेफरं यायचं. उभ्या उभ्या कोसळायचा, दातखीळ बसायची, जीभ चावली जायची. आई त्या दुखण्याचं नाव कधी घेत नसे. "त्याला त्ये झालं," एवढंच म्हणायची. गावातल्या पोरांनी मात्र त्याचं नावच फेफऱ्या पाडलं होतं, आणि पुढे मोठी माणसंही तशीच हाक मारू लागली. त्याला कुणी मुलगी देईना. मानसिंग तेवढा त्याला ज्ञानू म्हणायचा.

पंचावन्नच्या पावसात वरंध घाटात दरडी कोसळल्या, रस्त्याचा कठडा जागोजाग वाहून गेला. दिवाळीनंतर काम निघालं. मुकादमाने सांगितलं, भोरहून डॉक्टरचा कागद आणा, मग हजेरीवर घेतो. ज्ञानू एकटाच पायी भोरला गेला. डॉक्टरने छाती पाहिली, तोंड उघडायला लावलं आणि विचारलं, "जिभेवर हे वण कसले?"

ज्ञानूने खरं ते सांगितलं. बाहेर ओसरीत माणसं दाटली होती. डॉक्टरने दोन ओळी लिहिल्या, कागद घडी करून ज्ञानूच्या हातात दिला. "हा मुकादमाकडे दे. त्याच्या साहेबाला दाखवायला सांग."

परतल्यावर ज्ञानू घरी न जाता मानसिंगच्या खळ्यावर आला. मानसिंगने कागद उन्हाकडे धरला. त्याच्या स्वतःच्या पलटणीच्या कागदावर जी तीन अक्षरं होती ती इथेही होती. त्यांच्यामागे आणखी एक अक्षर चिकटलेलं होतं. ते त्याला दिसलं. लिहिण्याची रीत असेल, असं त्याला वाटलं.

"काय लिवलंय, दादा?"

"फिट लिवलंय."

"म्हंजी?"

"तब्येत ठणठणीत. कामाला चालतंय."

ज्ञानू घुटमळला. "पर म्या त्यास्नी सगळं सांगितलं हुतं."

"डाक्टरला तुज्यापरीस जास्त कळतं," मानसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकुबाई तांब्याभर दूध घेऊन त्याच्या दारात आली. दूध ठेवून गेली.

मुकादमाने कागद पिशवीत टाकला. साहेब महिन्यातून एकदा यायचा. ज्ञानूला कठड्याच्या कामावर घेतलं, दरीच्या बाजूला दगड पोचवायला. वीस-बावीस दिवस त्याने मन लावून काम केलं. तिथे बाहेरगावची माणसं होती. ती त्याला नावाने हाक मारायची.

पौषातल्या एका सकाळी दगड खांद्यावर असतानाच तो ताठ झाला. शेजारचा माणूस हात पुढे करेपर्यंत दगडासकट खाली गेला. दोर लावून प्रेत वर काढायला दुपार झाली.

पंचनाम्याला साहेब आला. पिशवीतून कागद काढला. वाचून त्याने मुकादमाला विचारलं, "याला फिट्स येतात, उंचावर कामाला लावू नका, असं डॉक्टरनं स्वच्छ लिहिलंय. मग इथं कसा ठेवला?"

"साहेब, त्योच म्हनला, फिट लिवलंय."

गावकऱ्यांत मानसिंग उभा होता. तो पुढे झाला. "साहेब, फिट म्हंजी ठणठणीत ना?"

"फिट म्हणजे ठणठणीत. हे फिट्स आहे. फिट्स म्हणजे फेफरं."

मानसिंग मागे सरला. ज्ञानूला कागद कुणी वाचून दाखवला, हे कुणी विचारलं नाही.

ज्ञानूचे दिवस झाल्यावर मानसिंग सोंडेवर चढून गेला. ठकुबाई अंगणात नाचणी पाखडत होती. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. तिचं सूप थांबलं.

"म्हंजी डाक्टरला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन तुमास्नी?"

"मला ठावं न्हवतं."

"मंग तसं म्हनायचं हुतं," ती म्हणाली. "ठावं न्हाई म्हनायचं हुतं. म्या दुसऱ्या कुनाला तरी इचारलं असतं."

तिने पुन्हा सूप हलवायला घेतलं, तेव्हा मानसिंग खाली उतरला.

त्यानंतर कुणी इंग्रजी कागद आणला तर तो हातात घेत नसे. पायांत वहाणा घालायचा आणि त्या माणसाबरोबर भोरला जायचा, तिथल्या शाळेतल्या मास्तरांकडे. जाऊन-येऊन दोन दिवस मोडायचे. घरात त्यावरून भांडणं व्हायची, तरी जायचा.

उन्हाळा लागताच ठकुबाईने दोन म्हशी विकल्या. उरलेली एक पुढे घालून ती वेल्ह्याकडे भावाच्या वाडीवर राहायला निघाली. वाट मानसिंगच्या दारावरूनच जात होती. तो ओट्यावर बसला होता, तिला पाहून उठून उभा राहिला. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ती तशीच पुढे गेली.