हातात पायमोजे

घाटंजीकडच्या एका गावात मैनाबाईच्या हातांना दोन ऋतू होते. उन्हाळा-पावसाळ्यात ती गावातली तान्ही लेकरं न्हाऊ घालायची, तेव्हा तिचा हात लोण्यासारखा. पण दिवाळी सरली, कापूस फुटला, की ती कमरेला कापूस भरायची ओटी बांधून वेचणीला जायची आणि मग कुणी कितीही बोलावलं तरी लेकराला हात लावायची नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं म्हणजे सुया. त्यांनी बोटं ओरबाडून निघायची, वरून कोरडी थंडी, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. बरं, तेल लावावं तर तेही चालत नाही. तेलकट हातानं वेचलेल्या कापसाला डाग पडतो, हे वेचणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून हिवाळाभर सगळ्याजणींचे हात भेगाळलेले असायचे आणि त्याचं कुणाला काही वाटायचंही नाही.

यंदा मात्र पंचाईत झाली. मैनाबाईची लेक दिपाली बाळंतपणाला माहेरी आली आणि ऐन वेचणीत तिला मुलगी झाली. गावाची लेकरं न्हाऊ घालणाऱ्या बाईची पहिली नात! मैनाबाईला कुठलं राहवतंय? हात धुऊन तिनं नातीच्या गालावरून हलकेच बोट फिरवलं, तर पोरीनं असा टाहो फोडला की शेजारचा डोमाजी काय झालं म्हणून धावत आला. गालावर लाल रेघ उठली होती.

"माय, तू राहू दे," दिपाली म्हणाली. "आंघोळीले दुसरी बाई लावू आपण."

दिपालीच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मैनाबाईला ते फार लागलं. ती अंगणात जाऊन बसली. लोकांच्या घरी जिला मानानं बोलावतात, तिलाच आपल्या घरात मज्जाव! नाळ पडेपर्यंत लेकराला नुसतं ओल्या फडक्यानं पुसा, असं नर्सबाईनं सांगून ठेवलं होतं. म्हणजे हातात आठेक दिवस होते. तेवढ्यात हात सुधारायचे आणि पहिली आंघोळ आपणच घालायची, असं तिनं ठरवून टाकलं.

मग तिनं जे केलं ते शहाण्या माणसानं करू नये. कढत पाणी घेतलं, धुण्याची पावडर घेतली आणि टाचा घासायच्या वज्रीनं हात घासत बसली. खरखर निघाली की हात मऊ, हा तिचा सरळ हिशेब. दुसऱ्या दिवशी भेगांतून रक्त आलं.

तांड्यावरची लालीबाई वेचणीत नेहमी तिच्या शेजारच्या ओळीत असायची. तिनं ते हात पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"काहून वं, हात होय का तवा होय? कायले घासून राह्यली? कढत पाण्यानं कातडीतलं होतं नव्हतं तेल बी निघून जाते. कोमट पाण्यानं धू, फडक्यानं टिपून घे, अन् हात ओलसर आहे तवाच मोहाचं तेल चोपड."

"अन् कापसाले डाग पडला मंग?"

"तेल आतमंदी, कापूस बाहेर. मधात काहीतरी घाल ना!"

लालीबाईनं मोहाच्या बियांचं, थंडीनं तुपासारखं थिजलेलं तेल वाटीभर दिलं. मध्ये घालायला मैनाबाईला घरात सापडले ते जावयाचे, ऋतिकचे, पायमोजे. मागच्या खेपेला विसरून गेला होता बिचारा. तिनं पुढून बोटांपुरती भोकं पाडली, हातांना तेल लावलं, बोटांची टोकं बेसनानं धुऊन कोरडी केली आणि मोजे चढवून शेतात हजर!

"मैनाबाई, ब्याटिंगले निघाल्या का?" बायका हसून लोळायच्या बाकी.

"हो ना. तुमी फक्त बॉल टाका!"

संध्याकाळी शेताचे मालक बापूजी आले. कापसावर डाग दिसला की या माणसाचं तोंड दिवसभर उतरलेलं असायचं. त्यांनी तिच्या गाठोड्यात कोपरापर्यंत हात घातला, कापूस उजेडात धरून उलटापालटा केला. डाग नव्हता. बापूजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हे तेल कुठी भेटते वं? माह्या बी हाताले लई भेगा पडल्या."

चार दिवसांत अख्खी ओळ हातात पायमोजे घालून वेचू लागली. कुणाचे शाळेचे, कुणाचे लाल पट्ट्यांचे, एकीचे तर दोन हातांत दोन रंगांचे. गावातल्या शाळकरी पोरांचे पाय मात्र उघडे पडले.

नवव्या दिवशी नाळ पडली. मैनाबाईनं आधी आपला हात स्वतःच्या गालावरून फिरवला, मग दिपालीच्या. दिपालीनं लेक तिच्या स्वाधीन केली. मैनाबाई पाय पसरून बसली, नातीला पायांवर पालथं घेतलं आणि कोमट तिळाचं तेल पाठीवर चोळू लागली. पोरगी आधी कुरकुरली, मग गप्प झाली आणि पाणी पडायच्या आत चक्क झोपली. मैनाबाईला इतका आनंद झाला की हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

आंघोळ झाली, नात दुपट्यात गेली. लालीबाईच्या वाटीत थोडं तेल उरलं होतं. दिपाली जवळ सरकली आणि लाजत तिनं भेगाळलेली टाच आईच्या मांडीवर ठेवली.

"माय, मले बी."